सिरिंजचे पोकलेन

गावात जेसीबी आला की त्याच्याभोवती गर्दी जमते, हे सातारा-सांगलीकडच्या वाचकांना आम्ही सांगायला नको. चर काढायची असो, पाइपलाइन टाकायची असो की पडक्या भिंतीचा राडारोडा उचलायचा असो, काम करणारे यंत्र एक आणि बघणारी माणसे वीस. मोठी माणसे थोड्या वेळाने आपल्या वाटेला लागतात. मुले मात्र उन्हात उभी राहून बघत असतात. तो लोखंडी हात कसा वाकतो, ढिगारा कसा कवेत घेतो, यावर त्यांचे डोळे खिळलेले असतात. आणि मग एक दिवस घरात पुठ्ठ्याचे तुकडे, आइस्क्रीमच्या काड्या, इंजेक्शनच्या सिरिंज आणि सलाइनच्या नळ्या यांचा पसारा मांडला जातो. आई म्हणते, "अभ्यास सोडून हे काय मांडलंस?" वडील म्हणतात, "आम्ही जन्मभर माती उपसली. तू तरी मातीचा नाद सोड. शिकून साहेब हो."

वडिलांच्या बोलण्यात काळजी आहे, हे आम्हाला मान्य आहे. तरीही आज आम्ही त्या पसाऱ्याची बाजू घेणार आहोत. कारण ज्या मुलाला पोकलेनचा हात हलतो कसा हे कळले, तो मातीकडे परत चाललेला नाही. तो मातीकामाच्या मालकीच्या बाजूने एक पाऊल टाकतो आहे.

मातीकामाचा आपला इतिहास

आपल्या माणसांचा आणि खोदाईचा संबंध जुना आहे. बाबासाहेब लहानपणी साताऱ्यात असताना त्यांचे वडील रामजीबाबा खटाव तालुक्यात सरकारी कामावर रोखपाल होते. दुष्काळात माणसे हजारोंनी मरत होती. त्यांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदायला घेतला होता. 1901 च्या उन्हाळ्यात वडिलांना भेटायला निघालेली मुले आगगाडीतून मसूर स्टेशनावर उतरली आणि जात कळताच गाडीवान मिळेना झाला, ती हकीकत आपल्या घराघरांत माहीत आहे. पण त्या प्रवासाच्या टोकाला एक तलाव होता आणि तो उपाशी माणसे कुदळ-फावड्याने खणत होती, हे आपल्या ध्यानात राहत नाही.

पुढे 1972 चा दुष्काळ आला. महाराष्ट्राने मागेल त्याला काम देण्याची योजना मोठ्या प्रमाणावर राबवली. ही कल्पना मांडणारे वि. स. पागे सांगली जिल्ह्याचेच. 1977 साली तिचा कायदा झाला. खडी फोडणे, पाझर तलाव खणणे, बांध घालणे, रस्ते करणे ही कामे आपल्या कित्येक आयाबहिणींनी डोक्यावर घमेली वाहून केली. ज्या घरात आज पदवीधर आहेत, त्या घरच्या आजीच्या तळहातावरचे घट्टे अजून कुणाकुणाला आठवत असतील.

मग यंत्र आले. जेसीबीच्या मागच्या एका बकेटमध्ये वीस-पंचवीस घमेली माती मावते. दहा माणसांचे दिवसाचे काम तासा-दोन तासांत उरकते. पाठ वाचली, पण त्या दिवसाची मजुरीही गेली. म्हणून यंत्राविषयी आपल्या मनात दोन भाव असतात. एक कौतुकाचा, दुसरा रागाचा.

या रागाचे काय करायचे, याचे उत्तर बाबासाहेबांनी दिलेले आहे. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, या विषयावरचा त्यांचा ग्रंथ 1945 साली प्रसिद्ध झाला. त्यात यंत्राला दोष देणाऱ्या विचारसरणीची त्यांनी झाडाझडती घेतली आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, दुःखाचे मूळ यंत्रात नाही. यंत्राचा लाभ मूठभरांच्या पदरात टाकणाऱ्या समाजरचनेत ते आहे. तेव्हा रचना बदला, यंत्र मोडू नका. ढोरमेहनतीतून सुटका झाल्याशिवाय माणसाला फुरसत नाही आणि फुरसतीशिवाय बुद्धीची मशागत नाही. 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात श्रमखाते सांभाळत होते. कामगारांच्या तांत्रिक प्रशिक्षणाची योजना आणि दामोदर खोऱ्यासारखे पाणी-विजेचे प्रकल्प त्याच खात्याकडे होते. यंत्र, पाणी आणि वीज यांकडे ते मुक्तीची साधने म्हणून पाहत होते.

आता प्रश्न असा की, यंत्राशी आपले नाते कोणते? यंत्राचे मालक वेगळे, चालवणारा वेगळा, दुरुस्त करणारा वेगळा आणि कागदावर रेघा ओढून ते घडवणारा वेगळा. आपली कित्येक मुले आज ऑपरेटर आहेत. क्रशरवर, कालव्यावर, ऊसपट्ट्यातल्या रस्त्यांवर रात्रपाळ्या करतात. त्यांच्या कष्टाचा आम्हाला अभिमान आहे. पण पुढच्या पायऱ्या चढायच्या तर यंत्राच्या पोटात काय आहे ते ठाऊक हवे. त्याची पहिली शाळा तुमच्या घरातल्या त्या पसाऱ्यात भरलेली आहे.

पाण्याचा जोर

जेसीबी हे नाव जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज माणसाच्या नावातली आद्याक्षरे आहेत. त्याने 1945 साली धंदा सुरू केला. पोकलेन हेही मुळात फ्रान्समधल्या एका कंपनीचे नाव. आपल्याकडे ते यंत्राचेच नाव होऊन बसले. दोन्हींच्या पोटातले तत्त्व मात्र त्याहून तीनशे वर्षे जुने आहे. ब्लेझ पास्कल या फ्रेंच विद्वानाने सतराव्या शतकात ते मांडले. बंद जागेतल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो दाब सगळीकडे सारखाच पोचतो, एवढेच ते तत्त्व.

हे घरी पाहायचे असेल तर दोन सिरिंज घ्या, एक बारीक आणि एक जाड. दोन्हींत पाणी भरून त्यांना नळीने जोडा. बारकीचा दट्ट्या दाबला की जाडीचा दट्ट्या वर येतो. समजा, बारकीची आतली रुंदी 10 मिलिमीटर आणि जाडीची 20 मिलिमीटर आहे. रुंदी दुप्पट, म्हणजे तोंडाचे क्षेत्रफळ चौपट. तुम्ही इकडे 1 किलोचा जोर लावला तर तिकडे 4 किलोचा मिळेल. घर्षणात थोडा कमी होईल, पण हिशेब हाच. मात्र तिकडचा दट्ट्या 1 सेंटिमीटर सरकवायला इकडचा 4 सेंटिमीटर दाबावा लागेल. निसर्ग फुकट काही देत नाही. जोर वाढला की चाल घटते. शाळेत फळ्यावर शिकलेले सूत्र मुले विसरतात. बोटाला जाणवलेले सूत्र ती विसरत नाहीत.

पहिले पोकलेन कसे करावे

सामान साधेच लागते. मेडिकलच्या दुकानातून 10 मिलिलिटरच्या सहा कोऱ्या सिरिंज आणि सलाइनची नवी नळी आणावी. सुया दुकानातच काढून घ्याव्यात. येथे आम्ही पालकांना बजावून सांगतो की, दवाखान्याबाहेर पडलेली वापरलेली सिरिंज मुलांना कधीही उचलू देऊ नये. त्यातून जडणारे आजार खेळण्याहून फार महाग पडतात. बाकी प्लायवूडच्या पट्ट्या किंवा जाड पुठ्ठा, सांध्याला सायकलचे स्पोक, बांधायला प्लॅस्टिकचे टाय आणि तळाला फिरण्यासाठी जुने बॉलबेअरिंग.

खऱ्या यंत्रासारखेच तीन भाग करायचे. अंगाला जोडलेला मोठा हात म्हणजे बूम, त्याच्या टोकाला दुसरा हात आणि शेवटी बकेट. प्रत्येक सांध्याला सिरिंजची एक जोडी. जोडीतली एक हाताजवळ राहते, दुसरी सांध्यावर बसते. सांध्यावरच्या सिरिंजची दोन्ही टोके घट्ट आवळू नयेत, ती थोडी डुलली पाहिजेत. नाहीतर हात वर जाताना दट्ट्या वाकतो आणि अडकतो.

बूमला सिरिंज कुठे जोडायची, यात खरी कसोटी आहे. बूम 30 सेंटिमीटर लांब आहे आणि सिरिंज बिजागरीपासून 5 सेंटिमीटरवर जोडली, तर दट्ट्या 1 सेंटिमीटर सरकला की बूमचे टोक साधारण 6 सेंटिमीटर उचलले जाते. मुलाला आनंद होतो. पण टोकाला 100 ग्रॅम माती असेल तर दट्ट्याला 600 ग्रॅमचा जोर द्यावा लागतो आणि बूमचे स्वतःचे वजन वेगळेच. म्हणून पुष्कळ मुलांचे पोकलेन रिकामे असताना झोकात चालते आणि माती घेतली की मान टाकते. उपाय दोन आहेत. सिरिंज बिजागरीपासून लांब जोडावी किंवा त्या जागी जाड सिरिंज बसवावी. खऱ्या पोकलेनचे बूमचे जॅक केवढे दणकट असतात ते आता रस्त्यावर निरखून बघा.

दुसरी अडचण हवेची. नळीत बुडबुडा राहिला की दट्ट्या दाबूनही हात हलत नाही, नुसता लिबलिबतो. पाणी दबत नाही, हवा दबते. आपला सगळा जोर बुडबुडा दाबण्यातच जातो. म्हणून सिरिंज आणि नळी बादलीतल्या पाण्यात बुडवूनच जोडाव्यात. पाण्याऐवजी इंजिनचे ऑइल घालण्याचा मोह टाळावा. दट्ट्याचे रबर त्यात फुगते आणि दट्ट्या जागेवर धरतो. पाण्यात थोडा रंग टाकला तर बुडबुडा लगेच दिसतो.

तिसरी गोष्ट परतीची. सिरिंज ढकलते जोरात, पण ओढते कमी. ओढताना फटीतून हवाही आत शिरते. खऱ्या जॅकमध्ये दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना तेल सोडता येते, म्हणून तो दोन्हीकडे सारखा हुकमी चालतो. आपल्या खेळण्यात हे काम एखाद्या रबरबँडवर सोपवावे.

रिमोटवर कसे आणावे

हाताने चालणारे यंत्र जमले की मुलाला ते लांबून चालवावेसे वाटणारच. परदेशात हौशी लोक खऱ्या यंत्राच्या चौदाव्या हिश्श्याएवढी पोकलेन करतात. त्यांत छोटा पंप असतो, तेलाची टाकी असते, धातूचे जॅक असतात आणि रिमोटच्या हुकमावर उघडमीट करणारे वाल्व असतात. त्यांची किंमत लाखांत जाते. आपल्याला त्या वाटेने जायचे नाही. तत्त्व तेच ठेवून स्वस्त वाट आहे.

हाताजवळची सिरिंज आपण अंगठ्याने दाबत होतो. अंगठ्याच्या जागी गिअरची छोटी मोटर बसवा. मोटरला 6 मिलिमीटरचा आट्याचा रॉड जोडा, रॉडवर नट आणि नटाला दट्ट्या. रॉड फिरताना नट स्वतः फिरू नये, म्हणून त्याला दोन पट्ट्यांच्या खाचेत धरावे. या रॉडच्या एका फेऱ्याला नट 1 मिलिमीटर सरकतो. मोटर मिनिटाला 100 फेरे घेत असेल तर 5 सेंटिमीटर सरकायला अर्धा मिनिट लागेल. चाल संथ आहे, पण फायदा मोठा आहे. मोटर थांबली तरी बूम खाली येत नाही, आटे त्याला धरून ठेवतात. खऱ्या यंत्रात हेच काम बंद झालेला वाल्व करतो, तो तेल कोंडून ठेवतो.

मोडलेल्या रिमोट गाडीतली पाटी काढली की मोटरला पुढे-मागे फिरवायची सोय हाती येते. एका गाडीतून बहुधा दोन मोटरींची सोय होते, एक चाकांची आणि एक वळणाची. आपल्याला बूम, दुसरा हात, बकेट आणि फिरणे अशा चार हालचाली हव्यात, म्हणून दोन गाड्या लागतात. जुन्या पद्धतीची खेळणी असतील तर एक 27 मेगाहर्ट्झची आणि दुसरी 40 किंवा 49 ची घ्यावी. दोन्ही एकाच लहरीवर असतील तर एकीचे बटण दाबले की दोन्ही हलतील. वळणाच्या मोटरीला पुष्कळदा कमी ताकदीचा प्रवाह मिळतो, तिच्यावर हलके काम, म्हणजे बकेट, सोपवावे. रेडिओलहरी डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्याही नियमाने चालतात. भुताटकी कुठेच नाही.

लिंबू-मिरची आणि फिल्टर

येथे एक गोष्ट बोलून टाकतो. नवे यंत्र आले की त्याला नारळ फुटतो आणि लिंबू-मिरची टांगली जाते. यंत्र मागते ते वेगळेच. त्याला स्वच्छ तेल हवे, वेळेवर बदललेला फिल्टर हवा, दाब फाजील वाढला तर तो सोडून देणारा रिलीफ वाल्व ठीक हवा. सिरिंजच्या पोकलेनचा हात उचलला नाही तर मूल बुडबुडा शोधते, नळी तपासते, सांधा सैल करते. कारण शोधायचे, कारण काढून टाकायचे, मग परिणाम बदलतो. भगवान बुद्धांनी दुःखाचा विचार याच रीतीने करायला शिकवले. ऐकले म्हणून मानू नका, पडताळून पाहा, ही शिकवण विहारात ऐकलेले मूल घरी येऊन नेमके तेच करत असेल, तर त्याला रागावणे आपल्याला शोभत नाही.

आणि ज्या घरातले कुणी ऑपरेटर किंवा हेल्पर आहे, त्यांनी हेही ध्यानात घ्यावे. खेळण्यात पाणी गळले तर फरशी ओली होते. खऱ्या जेसीबीत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 250 किलोंचा दाब असतो. पाइपला सुईएवढे भोक पडले तरी तेलाची धार कातडी फोडून आत शिरते. गळती बोटाने कधीही चाचपू नये, पुठ्ठा धरून बघावी. तेल अंगात शिरले असेल तर जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे, उद्यावर ढकलू नये. उचललेल्या बूमखाली उभे राहू नये. पाइप फुटला तर बूम कुणाची वाट बघत नाही.

हात आणि कागद

आपल्या भागात हातांची वाण कधीच नव्हती. कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावचे लोहारकाम करणारे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जुळवून, लाथ मारून सुरू होणारी छोटी चारचाकी केली. सुमारे 60,000 रुपये खर्च आला. डिसेंबर 2021 मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे जाहीर कौतुक केले आणि जानेवारी 2022 मध्ये तिच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो दिली. ही गाडी वाहनांच्या नियमांत बसणारी नव्हती, हेही त्या वेळी बोलले गेले. हुन्नर होता, नियमाचा कागद नव्हता. आमच्या मते त्यातून धडा घ्यायचा तो हा की, आपल्या मुलाच्या हाताला शाळेची जोड मिळाली पाहिजे. 1910 साली उभ्या राहिलेल्या किर्लोस्करवाडीत पंप घडतात. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय 1947 पासून आहे, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1960 पासून. फिटर आणि डिझेल मेकॅनिकचे आयटीआय आहे, दहावीनंतर डिप्लोमा आहे. हातातली सिरिंज आणि ते फाटक यांच्यात गणित आणि विज्ञान एवढेच अंतर आहे. तेव्हा "पसारा आवर आणि अभ्यास कर" असे म्हणू नका. "हा जोर चौपट का झाला, ते वहीत मांडून दाखव" असे म्हणा. अभ्यास आपोआप होईल.

आणि हे फक्त मुलाला सांगून थांबू नका. घमेले उचलताना बाईमाणूस चालली, मग स्क्रू-ड्रायव्हर धरताना मुलगी का चालू नये?

शाळेमार्फत केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेत मुलांच्या कल्पना पाठवता येतात. निवड झाली तर मॉडेलसाठी 10,000 रुपये मुलाच्या खात्यावर जमा होतात. वर्गशिक्षकांकडे चौकशी करावी. पण तेथे नुसते जेसीबीची नक्कल केलेले खेळणे चालत नाही, नवी कल्पना लागते. ती कुठून आणायची? आपल्याच माणसांच्या दुःखातून आणावी. माणसाने गटारात उतरून मैला उपसण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आहे. तरी माणसे उतरवली जातात आणि गुदमरून मरतात. ती कोणत्या समाजाची असतात, हे आम्ही लिहायला नको. केरळमधल्या तरुण इंजिनिअरांनी गटारात यांत्रिक हात सोडून गाळ काढणारे बँडिकूट नावाचे यंत्र केले आणि 2018 साली ते तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागले. वाकणारा, उचलणारा, माणसाऐवजी खाली उतरणारा हात! तुमच्या मुलीने पुठ्ठ्यावर जुळवलेला हात त्याच कुळातला आहे.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. प्रत्येक विहारात एक कोपरा आणि एक पेटी असावी. पेटीत पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, छोटी करवत, सोल्डरिंगची इस्त्री, आट्याचे रॉड आणि दोन-चार मोटरी. एवढे सामान जयंतीच्या एका संध्याकाळच्या साउंडच्या भाड्यात येते. वस्तीतल्या ऑपरेटर आणि फिटर बांधवांनी रविवारी दोन तास मुलांपाशी बसावे. ज्यांनी यंत्राच्या सीटवर आयुष्य काढले, त्यांच्याइतका चांगला मास्तर दुसरा मिळणार नाही. आणि पुढच्या जयंतीला मिरवणुकीत मुलांनी केलेले एखादे पोकलेन आपल्या हाताने माती उचलताना दिसले, तर ते पाहायला आम्ही जरूर येऊ.

जयभीम!